गंभीर गुन्ह्यात दोषी ठरल्यानंतर प्रोबेशन मिळू शकते का?

तुम्ही लिहिलेली हकीगत थोडक्यात अशी आहे. सातारा जिल्ह्यातील तुमच्या गावी २०१९ साली शेताच्या बांधावरून सख्ख्या चुलत्यांशी भांडण झाले, त्यात तुमच्या धाकट्या भावाने काठी मारली आणि चुलत्यांच्या हाताचे हाड मोडले. पोलिसांनी भारतीय दंड संहितेच्या कलम ३२६ खाली, म्हणजे प्राणघातक हत्याराने जबर दुखापत केल्याचा, गुन्हा नोंदवला. आता तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी भावाला कलम ३२६ मधून सोडून कलम ३२५ (जबर दुखापत) खाली दोषी धरले आहे आणि दीड वर्षाची सक्तमजुरी व दंड अशी शिक्षा दिली आहे. घटनेच्या वेळी तो २० वर्षांचा होता, आज २६ वर्षांचा आहे, चाकणच्या एका कंपनीत नोकरी करतो आणि सरकारी भरतीसाठी अर्ज करण्याचा त्याचा विचार आहे. वकिलांनी ‘गंभीर गुन्ह्यात प्रोबेशन नसते’ असे सांगितले, तुम्हीही इंटरनेटवर ‘फेलनी’ ठरलेल्या गुन्ह्यांविषयी तसेच काहीतरी वाचले, आणि म्हणून विचारता की प्रोबेशनचा, म्हणजे तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटण्याचा, मार्ग खरोखर बंद झाला आहे का.

माझी वकिली जिल्हा आणि तालुका न्यायालयांतील फौजदारी कामांची आहे आणि हा प्रश्न मला बहुधा निकाल लागून गेल्यावरच विचारला जातो. खरे तर तो युक्तिवादाच्या आधी विचारायला हवा. तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. पहिला असा की कायद्याने या गुन्ह्यासाठी प्रोबेशनला मनाई केली आहे का. दुसरा असा की मनाई नसेल तर न्यायालय ते देईल का. पहिल्याचे उत्तर कलम उघडून पाहिले की मिळते. दुसऱ्याचे उत्तर परिस्थितीवर, न्यायालयापुढे काय ठेवले जाते यावर आणि न्यायाधीशांच्या विवेकावर अवलंबून असते, त्यामुळे कोणताही प्रामाणिक वकील त्याची हमी देणार नाही. ‘फेलनी’ हा अमेरिकेतील वर्ग आहे आणि तेथील नियम राज्यागणिक बदलतात. आपल्याकडे तसा वर्ग नाही, त्यामुळे ते वाचन बाजूला ठेवा.

आपल्याकडे या विषयाचा मुख्य कायदा म्हणजे अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८. महाराष्ट्राला ही कल्पना त्याआधीपासून परिचित आहे, कारण तेव्हाच्या मुंबई प्रांताने १९३८ सालीच स्वतःचा परिवीक्षा कायदा केला होता. १९५८ च्या कायद्याचे कलम ४ सांगते की ज्या गुन्ह्याला मृत्युदंड किंवा जन्मठेप सांगितलेली नाही, अशा गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यक्तीला न्यायालय लगेच शिक्षा न सुनावता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकते. येथे पाहायची असते ती कायद्याने त्या कलमासाठी सांगितलेली कमाल शिक्षा. न्यायाधीशांनी प्रत्यक्षात दिलेली शिक्षा पाहायची नसते. दीड वर्ष दिले की पाच वर्षे दिली, यावर पात्रता ठरत नाही.

कलम ३२५ ला कमाल सात वर्षांची कैद आणि दंड आहे. म्हणजे तुमच्या भावाचा गुन्हा कलम ४ च्या कक्षेत येतो. कलम ३२६ मात्र जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंतची कैद सांगते, आणि ‘किंवा’ असले तरी जन्मठेप हा शब्द तेथे असल्यामुळे कलम ४ चा मार्ग बंद होतो. प्रत्यक्षात कोणीही जन्मठेप देणार नसले तरी फरक पडत नाही. अनेक लोकांची आणि काही वकिलांचीही येथेच गफलत होते. जबरी चोरीचे कलम ३९२ पात्र आहे, पण जबरी चोरी करताना दुखापत केल्याचे कलम ३९४ पात्र नाही, कारण त्यात जन्मठेप आहे. सदोष मनुष्यवधाच्या कलम ३०४ चा पहिला भाग अपात्र आहे आणि दुसरा भाग तांत्रिकदृष्ट्या पात्र आहे. फसवणुकीचे कलम ४२० पात्र आहे, पण लोकसेवकाने, बँकरने किंवा एजंटाने केलेल्या अपहाराचे कलम ४०९ आणि मौल्यवान दस्त बनावट करण्याचे कलम ४६७ अपात्र आहे. ‘गंभीर गुन्हा’ ही बोलीभाषेतील कल्पना या हिशेबात कुठेच येत नाही.

माझा अंदाज असा आहे की तुमच्या वकिलांच्या मनात प्राथमिक माहिती अहवालातील आणि दोषारोपपत्रातील कलम ३२६ राहिले असावे. खटला सहा वर्षे त्याच कलमाच्या नावाने ओळखला गेला, त्यामुळे हे स्वाभाविक आहे. पण पात्रता ठरते ती दोषसिद्धीच्या कलमावरून. न्यायालयाने काठी हे प्राणघातक हत्यार मानले नाही आणि हाड मोडले म्हणून जबर दुखापत मात्र मानली, एवढ्यावरून भाऊ कलम ३२५ मध्ये आला आणि त्याच क्षणी कलम ४ खाली पात्र झाला. निकालाच्या शेवटच्या आदेशात कोणते कलम लिहिले आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचून घ्या.

याच ठिकाणी एक धोकाही सांगितला पाहिजे. आरोपीला कमी गंभीर गुन्ह्यात दोषी धरले म्हणून जखमी व्यक्तीला स्वतः अपील करण्याचा अधिकार आहे, आणि कलम ३२६ मधून सोडल्याबद्दल सरकारही अपील करू शकते. चुलत्यांनी असे अपील केले आणि वरच्या न्यायालयाने कलम ३२६ सिद्ध धरले, तर प्रोबेशनची चर्चाच संपते. म्हणून तुमच्या अपिलात केवळ शिक्षेबद्दल बोलून चालणार नाही. ती दुखापत कलम ३२६ मध्ये का बसत नाही, हे खालच्या न्यायालयाचे मतही जपावे लागेल.

घटना २०१९ ची असल्यामुळे तुमच्या प्रकरणाला जुनी दंड संहिताच लागू आहे. १ जुलै २०२४ किंवा त्यानंतरच्या घटनांना भारतीय न्याय संहिता लागू होते. तेथे ३२५ च्या जागी कलम ११७ चे उपकलम २ आणि ३२६ च्या जागी कलम ११८ चे उपकलम २ आले आहे, आणि जन्मठेपेचा हा फरक तसाच राहिला आहे.

काही विशेष कायद्यांनी प्रोबेशनला स्वतंत्रपणे मनाई केली आहे, तीही तपासून घ्यावी लागते. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९ प्रमाणे १८ वर्षांवरील दोषी व्यक्तीला हा लाभ मिळत नाही. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ३३ मध्ये किरकोळ अपवाद सोडता तसेच आहे, आणि लाचलुचपतीच्या गुन्ह्यांनाही प्रोबेशन लागू होत नाही. ज्या कलमात किमान शिक्षा सांगितली आहे तेथे वाद आहे. २०२१ साली लखवीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दंड संहितेच्या कलम ३९७ (प्राणघातक हत्यार वापरून जबरी चोरी किंवा दरोडा) मधील सात वर्षांच्या किमान शिक्षेमुळे प्रोबेशनचा अधिकार आपोआप नाहीसा होत नाही असे धरले, पण उलट सूर असलेले निकालही आहेत. तुमच्या प्रकरणात यांपैकी काहीच नाही, त्यामुळे येथे थांबण्याची गरज नाही.

आता वयाकडे वळू. तुम्ही लिहिले आहे की २१ वर्षांखालील मुलांना तुरुंगात पाठवत नाहीत असे ऐकले आहे आणि घटनेच्या वेळी भाऊ २० वर्षांचाच होता. तुम्ही ऐकले ते अर्धे बरोबर आहे. परिवीक्षा कायद्याच्या कलम ६ प्रमाणे २१ वर्षांखालील व्यक्ती कैदेच्या, पण जन्मठेपेच्या नव्हे अशा गुन्ह्यात दोषी ठरली, तर प्रोबेशन हा नियम आणि तुरुंग हा अपवाद ठरतो. परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवणे न्यायालयावर बंधनकारक असते आणि तुरुंगात पाठवायचे असेल तर कारणे लिहावी लागतात. मात्र हे वय घटनेच्या दिवशीचे पाहायचे नसून, न्यायालय दोषी धरून शिक्षेचा विचार करते त्या दिवशीचे पाहायचे असते, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने रामजी मिस्सर विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात साठच्या दशकातच लावला आहे. भाऊ आज २६ वर्षांचा असल्यामुळे कलम ६ चे कवच त्याला मिळणार नाही. खटला रेंगाळल्यामुळे एखाद्या तरुणाच्या हातून हे संरक्षण निसटावे, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते, पण कायद्याची आजची स्थिती तीच आहे. कलम ४ ला मात्र वयाची अट नाही, आणि घटनेच्या वेळी तो विशीत नुकताच पोहोचला होता ही बाब त्या कलमाखालील युक्तिवादात ठामपणे मांडता येते.

केवळ समज देऊन सोडण्याची तरतूद कलम ३ मध्ये आहे, पण ती साधी चोरी, फसवणूक अशी काही नेमकी कलमे आणि दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे गुन्हे यांपुरतीच आहे, म्हणून तुमच्या उपयोगाची नाही. आणखी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. कलम ३ मध्ये पूर्वी कधीही दोषी ठरलेले नसणे ही अट आहे. कलम ४ मध्ये तशी अट लिहिलेली नाही. अर्थात पूर्वीची दोषसिद्धी असेल तर चारित्र्याचा विचार करताना ती जड जाते, पण ती दार बंद करत नाही. प्रलंबित गुन्हा किंवा चॅप्टर केस (शांतता राखण्यासाठी केलेली प्रतिबंधक कारवाई) म्हणजे दोषसिद्धी नव्हे, हेही सरकारी वकिलांना वेळीच दाखवून द्यावे लागते.

आतापर्यंतचा भाग एका वाक्यात सांगायचा तर तुमचा भाऊ कलम ४ खाली पात्र आहे, कलम ६ खाली नाही, आणि कलम ४ चा लाभ हा हक्क म्हणून मिळत नसून न्यायालयाच्या विवेकाने मिळतो.

त्या विवेकाला कायद्याने दोन दिशा दिल्या आहेत, गुन्ह्याचे स्वरूप आणि अपराध्याचे चारित्र्य. बांधाच्या भांडणात माझा अनुभव असा आहे की पहिल्या बाजूला आपल्याला बऱ्यापैकी म्हणता येते. घटना अचानक घडली की दबा धरून, फटका एक होता की खाली पडल्यावरही मारले, काठी शेतातलीच होती की घरून आणली होती, हात पूर्ववत झाला की कायमचे अपंगत्व आले, हे सगळे पुराव्यातून दाखवता येते. वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या उलटतपासणीतील एखादे वाक्य, उदाहरणार्थ हाड जुळले आणि हाताची हालचाल पूर्ववत आहे, येथे फार मोलाचे ठरते.

न्यायाधीशांची खरी शंका दुसरीकडे असते, आणि ती क्वचितच बोलून दाखवली जाते. बांध तिथेच आहे, दोन्ही घरे शेजारी आहेत, येत्या पेरणीला हीच माणसे पुन्हा समोरासमोर येणार आहेत. मग याला सोडले आणि पुन्हा काठी उचलली गेली तर जबाबदारी कोणाची? या शंकेचे उत्तर देणारे कागद जोवर समोर येत नाहीत, तोवर ‘घरातला एकटा कमावता आहे, दया करावी’ या वाक्याने काही होत नाही. म्हणून मी अशा पक्षकारांना सर्वप्रथम भूमी अभिलेख कार्यालयातून त्या गटाची मोजणी करून हद्दीच्या खुणा कायम करून घ्यायला सांगतो. मोजणी झाली, खुणा दोन्ही बाजूंनी मान्य केल्या किंवा हद्दीचा वाद दिवाणी न्यायालयात नेला, हे दाखवता आले की वादाचे मूळ रस्त्यावरून कागदावर आले असे न्यायालयाला दिसते. भाऊ चाकणला राहतो, त्या जमिनीत तो रोज जात नाही, घटनेनंतरच्या सहा वर्षांत त्याच्याविरुद्ध एकही तक्रार नाही, आणि जामिनावर असताना त्याने एकही अट मोडलेली नाही, या गोष्टी त्यानंतर खऱ्या अर्थाने वजनदार होतात.

प्रोबेशन प्रत्येक बाबतीत सहज मिळते असे मात्र समजू नका. बेदरकार वाहन चालवून मृत्यू घडवल्याच्या प्रकरणात असा लाभ देण्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दलबीर सिंग विरुद्ध हरियाणा राज्य या निकालात कडक भूमिका घेतली होती, आणि त्याचे कारण असे होते की चालकांच्या मनात तुरुंगाची भीती राहिली पाहिजे. स्त्रियांवरील अत्याचार, पाळत ठेवून केलेले हल्ले, टोळीने केलेले गुन्हे यांतही माझ्या पाहण्यात न्यायालये फारशी राजी नसतात. त्यामुळे ओळखीच्या एखाद्याला मिळाले म्हणून मलाही मिळेल, हा हिशेब धरू नये.

आता तुमच्या निकालपत्राकडे या. दोषी धरल्यानंतर न्यायाधीश शिक्षेबाबत आरोपीचे म्हणणे ऐकतात, आणि हीच वेळ प्रोबेशनचा अर्ज देण्याची असते. तालुका न्यायालयात ही सुनावणी अनेकदा काही मिनिटांत आटोपते. आरोपी गोंधळलेला असतो, कुटुंबीय बाहेर असतात, आणि वकील चार वाक्ये बोलतात. तुमच्या प्रकरणात तसेच झाले असेल तर निकालाचा शिक्षेविषयीचा भाग नीट वाचा. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३६१ प्रमाणे, आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०२ प्रमाणे, प्रोबेशन देता येण्यासारखे असूनही न्यायालयाने दिले नाही, तर ते का दिले नाही याची विशेष कारणे निकालपत्रात लिहावी लागतात. त्या भागात प्रोबेशनचा उल्लेखच नसेल, किंवा ‘गुन्ह्याचे गांभीर्य पाहता लाभ देणे योग्य नाही’ एवढेच साचेबद्ध वाक्य असेल, तर अपिलातला तुमचा सर्वांत भक्कम मुद्दा तोच आहे. अपिलाच्या कारणांत तो स्वतंत्र परिच्छेद करून, कलमाच्या उल्लेखासह लिहायला सांगा.

खाली मागितले नाही म्हणून वर मागता येणार नाही, अशी भीतीही बाळगू नका. परिवीक्षा कायद्याचे कलम ११ अपील आणि पुनरीक्षण ऐकणाऱ्या न्यायालयालाही हा अधिकार देते. १९६४ साली रतनलाल विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात एका १६ वर्षांच्या मुलाला शिक्षा झाली तेव्हा त्याच्या जिल्ह्यात हा कायदा लागूसुद्धा नव्हता, तरीही वरच्या न्यायालयाने तो विचारात घ्यायला हवा होता असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. माणूस सुधारावा म्हणून केलेला कायदा संकुचितपणे वाचायचा नसतो, ही त्या निकालामागची दृष्टी आहे आणि ती मला मनापासून पटते.

प्रोबेशनच्या अर्जाचा कणा म्हणजे परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल. कलम ४ खाली अहवाल आला असेल तर न्यायालयाने तो विचारात घ्यायचा असतो, म्हणून सत्र न्यायालयात अपील दाखल करतानाच तो मागवण्याचा अर्ज द्यावा. महाराष्ट्रात हे अधिकारी महिला व बालविकास विभागाच्या अखत्यारीत काम करतात. ते घरी येतात, आईवडिलांशी बोलतात, शेजारी, पोलीस पाटील, सरपंच, नोकरीच्या ठिकाणचे वरिष्ठ यांच्याकडे चौकशी करतात. शिक्षण, मिळकत, व्यसन, पूर्वीचे गुन्हे, घरातील वातावरण आणि झालेल्या गोष्टीकडे तो स्वतः कसा पाहतो, यावर ते लिहितात. अहवाल गोपनीय असतो, पण न्यायालयाला वाटल्यास ते त्यातील सारांश आरोपीला सांगून त्यावर पुरावा देण्याची संधी देऊ शकते. घरच्यांनी पढवलेली उत्तरे अनुभवी अधिकाऱ्याला लगेच कळतात. चुलत्यांच्या घरीही ते जाणार आहेत हे गृहीत धरा आणि भावाला जे खरे आहे ते सांगू द्या.

तुमचा भाऊ राहतो एका जिल्ह्यात आणि खटला दुसऱ्या जिल्ह्यात आहे, यामुळे एक व्यावहारिक अडचण येऊ शकते. कायद्याला अपेक्षित असते की अपराध्याचा किंवा जामीनदाराचा निश्चित ठावठिकाणा अथवा नियमित व्यवसाय न्यायालयाच्या हद्दीत असावा, किंवा त्या मुदतीत तो जेथे राहणार आहे तेथे असावा. म्हणून गावचा रहिवासी दाखला, सातबारा, चाकणचा भाडेकरार, कंपनीचे पत्र आणि पगाराच्या पावत्या एकत्र जोडा. गावातील स्थिर मिळकत असलेला, शक्य तर दोन्ही घरांना मान्य असलेला जामीनदार मिळाला तर फार चांगले.

आदेश मिळालाच तर तो कसा असतो हेही समजून घ्या, कारण अनेक जण त्याला निर्दोष सुटका समजतात. प्रोबेशनमध्ये दोषसिद्धी कायम राहते, फक्त शिक्षा सुनावणे लांबणीवर पडते. न्यायालय ठरवेल त्या मुदतीसाठी, म्हणजे जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी, शांतता राखण्याचे आणि चांगले वागण्याचे बंधपत्र लिहून द्यावे लागते. देखरेखीचा आदेश झाला तर ती देखरेख किमान एक वर्षाची असते आणि परिवीक्षा अधिकाऱ्याकडे ठरल्याप्रमाणे हजर व्हावे लागते. राहण्याचे ठिकाण किंवा नोकरी बदलायची असेल तर आधी अर्ज करून अटी बदलून घ्याव्या लागतात, परस्पर गाव सोडता येत नाही. शिक्षाच दिलेली नसल्यामुळे दंडही राहत नाही, मात्र कलम ५ प्रमाणे जखमीला नुकसानभरपाई आणि खर्च देण्याचा आदेश होऊ शकतो. चुलत्यांच्या उपचाराचा रास्त खर्च देण्याची तयारी तुमच्या बाजूने आधीच दाखवली तर न्यायालयाला ती स्वागतार्ह वाटते, असा माझा अनुभव आहे. अट मोडली तर कलम ९ खाली बोलावून मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावता येते. म्हणजे त्या मुदतीत बांधावर झालेली किरकोळ बाचाबाचीही भावाला महागात पडू शकते.

सरकारी भरतीबद्दलचा तुमचा प्रश्न नाजूक आहे. कलम १२ सांगते की कलम ३ किंवा ४ खाली सोडलेल्या व्यक्तीला दोषसिद्धीमुळे येणारी कायदेशीर अपात्रता लागू होणार नाही. पण दोषसिद्धी पुसली गेली असा त्याचा अर्थ नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली बक्षी राम प्रकरणात स्पष्ट केले की प्रोबेशन मिळाले तरी मूळ वर्तनाबद्दल सरकारी कर्मचाऱ्यावर विभागीय कारवाई होऊ शकते. नव्या भरतीत चारित्र्य पडताळणी होते आणि नेमणूक करणारा अधिकारी या प्रकरणाचा विचार करू शकतो. भावाला माझा आग्रह एवढाच राहील की पडताळणीच्या अर्जात विचारले असेल तर दोषसिद्धी आणि प्रोबेशन दोन्ही स्पष्ट लिहावे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या अवतार सिंग निकालानंतर माहिती दडवणे हेच अनेकदा नोकरी जाण्याचे कारण ठरते, आणि मूळ गुन्हा बाजूला राहतो.

याच कारणासाठी प्रोबेशनच्या आधी एक दुसरा मार्ग तपासून पाहा. कलम ३२५ चा गुन्हा न्यायालयाच्या परवानगीने जखमी व्यक्तीला आपसात मिटवता येतो, आणि अपील प्रलंबित असतानाही अपील न्यायालयाच्या परवानगीने तो मिटू शकतो. तशी तडजोड मंजूर झाली तर कायद्याच्या दृष्टीने तिचा परिणाम निर्दोष मुक्ततेचा असतो, आणि भावाच्या भवितव्यासाठी ते प्रोबेशनपेक्षा कितीतरी चांगले आहे. मात्र निकालात दुसरे एखादे न मिटणारे कलम, उदाहरणार्थ ३२४ (धोकादायक हत्याराने साधी दुखापत), जोडलेले नाही ना ते आधी पाहा. चुलते सख्खे आहेत, सहा वर्षे उलटली आहेत. घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाने मध्यस्थी केली तर ते ऐकतील की नाही हे तुम्हालाच ठाऊक. फक्त त्यांच्यावर कोणताही दबाव येऊ देऊ नका. दबावाची एक तक्रार तडजोडही घालवेल आणि प्रोबेशनही.

मुदतीचे गणित मात्र आजच करा. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या निकालाविरुद्ध सत्र न्यायालयात अपील करायला ३० दिवस असतात. शिक्षा तीन वर्षांपेक्षा जास्त नाही आणि भाऊ जामिनावर होता, त्यामुळे अपील दाखल करण्यापुरता जामीन खालच्या न्यायालयानेच दिला असेल. तो ठरावीक काळापुरता असतो आणि तेवढ्यात सत्र न्यायालयातून शिक्षेला स्थगिती मिळवावी लागते. कैदेची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची प्रत विनामूल्य मिळते, ती घेतली नसेल तर उद्याच मागा. वकिलांना भेटायला जाल तेव्हा निकालपत्रातील शिक्षेचा परिच्छेद अधोरेखित करून न्या, आणि अपिलाबरोबर शिक्षा स्थगितीचा व परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवण्याचा असे दोन्ही अर्ज जोडायला सांगा. वकिलांचे मत तरीही ‘गंभीर गुन्ह्यात प्रोबेशन नसते’ असेच राहिले, तर त्यांना कलम ४ मधील जन्मठेपेची अट आणि कलम ३२५ ची सात वर्षांची कमाल शिक्षा शेजारी शेजारी ठेवून वाचायची नम्र विनंती करा.